घरात २८ हजार येतात आणि कार्डांवर पावणेदोन लाख आहेत, तर आधी व्याजाची ओळ पाहा भाऊ

भाऊ, तुमचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. नागपूरजवळ बुटीबोरीला कंपनीत आहात, हातात २३,५०० येतात, वहिनी घरी शिवणकाम करून साडेचार हजार आणतात, तीन कार्डं मिळून १ लाख ७२ हजार अंगावर, दोन वर्षं झाली दर महिन्याला मिनिमम भरून राहिले तरी आकडा हलत नाही, आणि आता सीताबर्डीतला एक एजंट म्हणतो की १५ हजार द्या, ४० टक्क्यांत सगळं सेटल करून देतो, म्हणजे बाकीच्या ४० टक्केच भरून खातं मिटवायचं. तुमचा प्रश्न एवढाच होता की देऊ का. नका देऊ. का नाही ते खाली सांगतो, पण त्याआधी दुसरं बोलू, कारण सेटलमेंटचा विचार मनात आला तो मुळात आकडा हलत नाही म्हणून, आणि आकडा का हलत नाही हे तुम्हाला आजवर कोणी कागदावर दाखवलेलंच नाही.

मी हिंगण्याला एका कंपनीच्या कामगार पतसंस्थेत १७ वर्षांपासून सचिवाचं काम पाहतो, त्याच्या आधी बँकेत कर्जाच्या टेबलवर होतो. पूर्वी लोक लग्न, घराचा स्लॅब, आजारपण यासाठी अर्ज घेऊन यायचे, आता निम्मे अर्ज कार्ड भरायला असतात. म्हणून तुमच्यासारखी स्टेटमेंटं मी भरपूर पाहिली आहेत आणि तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही हे आधी मनाशी घ्या.

आता स्टेटमेंट काढा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू असतो, ते सोडा, आतल्या पानावर जिथे सगळे व्यवहार लिहिलेले असतात तिथे शेवटी इंटरेस्ट चार्जेसची एक ओळ असते आणि तिच्याखाली जीएसटीची. त्या दोन ओळींची बेरीज करा. तुमचं पहिलं कार्ड ८४ हजारांचं, महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे ३,१५० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५६७, झाले ३,७१७. तुम्ही मिनिमम भरता ४,२००. म्हणजे ४,२०० भरून मुद्दल कमी झालं ४८३ रुपये. दुसरं कार्ड ६२ हजारांचं, साडेतीन टक्के, व्याज आणि जीएसटी मिळून २,५६० च्या आसपास, तुम्ही भरता ३,१००, मुद्दल गेलं ५४०. दोन्ही कार्डांवर मिळून ७,३०० रुपये भरले आणि कर्ज उतरलं एक हजार तेवीस. आणि त्याच महिन्यात पेट्रोल टाकलं कार्डावर २,६०० चं! मग आकडा हलणार कसा, उलट वरच चढणार.

त्यातही एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. पूर्ण बिल भरणाऱ्याला जी ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते ती बाकी ठेवणाऱ्याला मिळत नाही, मागचं बिल पूर्ण भरलं नसेल तर आज सकाळी टाकलेल्या पेट्रोलवरही आजपासूनच व्याज लागतं. तुम्हाला वाटून राहिलं की जुनं कर्ज वेगळं आणि ह्या महिन्याचा खर्च वेगळा, तसं नसतं, सगळं एकाच भट्टीत जातं. आणि कार्डाने एटीएममधून पैसे काढले तर त्याला कधीच मुदत नसते, काढले त्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

आता तुमच्या घराचा हिशोब, तुम्हीच लिहिलेला. भाडं ६,०००, किराणा आणि गॅस ६,०००, दूधभाजी २,५००, पोराची शाळा आणि ऑटो २,६००, पेट्रोल २,६००, वीज वर्षाच्या सरासरीने १,२००, रिचार्ज ६००, आईची औषधं १,०००. बेरीज २२,५००. येतात २८,०००. उरले ५,५००. आणि तुमचे मिनिमम किती? ४,२०० अधिक ३,१०० अधिक तिसऱ्या कार्डावरच्या फ्रिज-मोबाईलचा ईएमआय २,३६०, म्हणजे ९,६६०. दर महिन्याला ४,१६० कमी पडतात आणि ते तुम्ही पुन्हा कार्डानेच भागवता, कधी किराणा, कधी पेट्रोल. तुम्ही लिहिलं आहे की "माझी शिस्त कमी पडते". मला ह्यात शिस्तीचा प्रश्न दिसत नाही भाऊ. तुमच्या खर्चात उधळपट्टीची एक ओळ मला सापडली नाही. ज्या दराने व्याज लागून राहिलं त्या दरात हे घर बसतच नाही, कितीही काटकसर करा. म्हणून आधी दर बदलायचा, काटकसर त्याच्या मागून.

कार्ड आधी बंद पाडा, म्हणजे वापर बंद, खातं नाही. पाकिटातून काढून वहिनींकडे द्या. पण खरा वापर आता पाकिटातून होत नाही, फोनमधून होतो. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असतं आणि सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर ४० रुपयांचा क्यूआर मारला तरी ते उधारीत जातं, माणसाला कळतही नाही. ती जोडणी तोडा, शॉपिंगच्या अ‍ॅपमधून कार्ड सेव्ह केलेलं काढा, कुठे ओटीटी नाहीतर विम्याचा हप्ता ऑटोने कटत असेल तर तो बचत खात्यावर वळवा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन व्यवहार बंद करायचं बटण असतं, ते बंद करून टाका.

आणि हे सगळं करायच्या आधी वहिनींना आकडा सांगा, पूर्ण, १ लाख ७२ हजार. तुम्ही लिहिलं की त्यांना "साठेक हजार" सांगून ठेवलं आहे. माझ्याकडे जेवढे सभासद ह्यातून बाहेर निघाले त्यातला घरी लपवून निघालेला मला एकही आठवत नाही. लपवलं की महिन्याचं बजेट खोटं होतं, पोळ्याला पाहुणे येणार, राखीला बहिणीला काय द्यायचं, ह्या सगळ्याचे निर्णय चुकीच्या आकड्यावर होतात. एक दिवस वाईट जाईल, बोलणं बसेल, जाऊ द्या.

आता दर कसा बदलायचा. तुमच्या कंपनीत कामगारांची पतसंस्था आहे आणि तुम्ही चार वर्षांपासून सभासद आहात, शेअर्स आणि वर्गणी कापली जाते, हे तुम्ही शेवटी सहज एका ओळीत लिहून गेले, माझ्या दृष्टीने तुमच्या पूर्ण मजकुरातली सगळ्यात कामाची ओळ ती आहे. पगारदार पतसंस्थांचं कर्ज साधारण ११ ते १३ टक्के वर्षाला, घटत्या शिल्लकेवर, हप्ता पगारातून कटतो. तुमची दोन कार्डं मिळून १ लाख ४६ हजार. हे १२ टक्क्यांनी ४८ महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता येतो ३,८४५. जिथे ७,३०० भरून हजार रुपये उतरत होते तिथे ३,८४५ मधले २,३८५ पहिल्याच महिन्यात मुद्दलात जातात. तिसऱ्या कार्डाचा ईएमआय २,३६० तसाच ठेवा, तो १६ टक्क्यांचा आहे आणि १२ महिन्यांत आपोआप संपतो, त्याला आत्ता हात लावायची गरज नाही. दोन्ही मिळून ६,२०५, ईएमआयच्या व्याजावरचा जीएसटी धरून ६,२७० धरा. तुमच्याकडे उरतात ५,५००. म्हणजे ७७० कमी पडतात, आधी ४,१६० कमी पडत होते. ७७० ही काटकसरीने भरून निघणारी गोष्ट आहे, ४,१६० नव्हती. मानेवाड्याहून बुटीबोरीला रोज एकट्याची गाडी जाते तुमची, त्याच शिफ्टचा शेजारचा कोणी असेल तर एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा तुमची, तेवढ्यात १,३०० वाचतात. कंपनीची बस तुमच्या रस्त्याने येत असेल तर आणखीच चांगलं.

वर्षभराने ईएमआय संपला की ते २,३६० घरात जिरू देऊ नका, पतसंस्थेत जाऊन हप्ता वाढवून घ्या, ६,२०५ करा. तसं केलं तर उरलेलं कर्ज आणखी २१ महिन्यांत संपतं. म्हणजे आजपासून ३३ महिने. मी आकडे दोनदा मांडून पाहिले आहेत. त्यात दिवाळीच्या बोनसचा अर्धा भाग टाकला तर आणखी अलीकडे येईल, पण पूर्ण बोनस टाकू नका, जूनमध्ये शाळेची फी आणि पुस्तकं येतात आणि मे महिन्यात आपल्याकडे कूलर दिवसरात्र चालून विजेचं बिल दुप्पट येतं, त्याची सोय कोण करणार, पुन्हा कार्डच निघतं बाहेर.

पतसंस्था दोन जामीनदार मागेल. ते कोणी सहज मिळतात म्हणून घेऊ नका, त्यांना खरं सांगा की कार्ड फेडायला घेऊन राहिलो. तुमचा हप्ता चुकला तर त्यांच्या पगारातून कटतो आणि एकाच कंपनीत रोज तोंड पाहायचं असतं. आणि सचिवांना सांगा की रक्कम माझ्या हातात न देता सरळ कार्डाच्या खात्यात भरा. आमच्याकडे आम्ही असंच करतो, आणि त्याचं कारण आहे. एका सभासदाने काही वर्षांपूर्वी ९० हजार कार्डासाठी उचलले, कार्ड भरलं, पण चालू ठेवलं "गरज लागली तर असू द्या" म्हणून, दीड वर्षात कार्डावर पुन्हा ७० हजार आणि पतसंस्थेचा हप्ता वेगळा. तो माणूस वाईट नव्हता, मधे बायकोचं ऑपरेशन झालं, पण कार्ड नसतं तर त्याने पतसंस्थेकडे तातडीचं कर्ज मागितलं असतं जे १२ टक्क्यांनीच मिळालं असतं. म्हणून स्वस्त कर्ज घ्यायचं तर त्याच आठवड्यात कार्ड बंद करायचं, ह्यात मी कोणालाच सूट देत नाही.

पतसंस्थेने पूर्ण रक्कम दिली नाही तर पहिलं ८४ हजारांचं कार्ड आधी भरा, तिथे व्याज जास्त आहे. उरलेल्यासाठी सोनं. मला माहीत आहे आपल्याकडे सोनं गहाण ठेवणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं, आणि दागिने वहिनींचे आहेत, निर्णय त्यांचा, त्यांच्यावर जोर टाकायचा नाही. पण बँकेचं सोनेतारण साधारण ९ ते १२ टक्क्यांत मिळतं, ६२ हजारांवर महिन्याला ५०० ते ६०० व्याज, आणि कार्डवाले त्याच ६२ हजारांवर जीएसटीसकट अडीच हजार घेऊन राहिले. कपाटात पडलेली पाटली हे व्याज कमी करायला लावायची की नाही एवढाच प्रश्न आहे. फक्त वर्षाच्या शेवटी एकरकमी भरायची स्कीम घेऊ नका, महिन्याला हप्ता असलेली घ्या, कारण एकरकमीवाल्यात वर्षभर कोणी काही मागत नाही आणि शेवटी पैसे नसतात आणि लिलावाची नोटीस येते. गल्लीतल्या सावकाराकडे महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला ३६, तिकडे तर जाऊच नका, आणि मोबाईलवर पाच मिनिटांत लोन देणाऱ्या अ‍ॅपकडेही नाही.

सोनंही नसेल तर कार्डाच्या बँकेलाच फोन करून सांगा की पूर्ण बाकी ईएमआयमध्ये करून द्या. १८ टक्क्यांनी ८४ हजार ३६ महिन्यांना केले तर हप्ता ३,०३७ येतो, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर जीएसटी, तरी आत्ताच्या ४,२०० पेक्षा कमी आणि मुख्य म्हणजे ते संपतं. हा पर्याय तिसरा का, तर पहिल्या दोघांपेक्षा महाग म्हणून, वाईट म्हणून नाही.

अजून एक प्रकार लोक करतात, तुम्हीही बहुतेक केला असेल. मोबाईलच्या दुकानात कार्ड घासायचं, दुकानदार अडीच-तीन टक्के कापून रोख देतो, त्या रोखीने दुसरं कार्ड भरायचं. महिन्याला अडीच म्हणजे वर्षाला तीसच्या वर जाते ती फक्त दलाली, आणि खोटी खरेदी दाखवून रोख काढणं बँकेच्या नियमात बसत नाही, पकडलं तर पूर्ण बाकी एकदम मागतात. ते आजपासून बंद.

आता तुमचा एजंट. तो ४० टक्क्यांत करून देतो म्हणजे १ लाख ४६ हजारांचे ५८ हजार, अधिक त्याचे १५. हे ७३ हजार एकरकमी तुमच्याकडे कुठून येणार? बँक सेटलमेंटला बसते ती खातं काही महिने थकल्यावर, चालू खात्यावर कोणी सूट देत नाही, म्हणून हे लोक आधी सांगतात की सहा महिने काहीच भरू नका. त्या सहा महिन्यांत व्याज, लेट फी, वसुलीचे फोन तुम्हाला, त्याला काय. आणि सिबिलमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टमध्ये, त्या खात्यापुढे "सेटल्ड" लागतं, कित्येक वर्षं दिसतं, उद्या घरकुलाचं कर्ज मागायला गेले तर पहिला प्रश्न तोच. सेटलमेंट ही गोष्ट वाईट नाही, नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, उत्पन्नच थांबलं, अशा माणसासाठी ती आहेच आणि त्याने ती खुशाल करावी. पण एजंटमार्फत नाही, स्वतः बँकेशी, आधी लेखी पत्र हातात, मग पैसे, आणि तेही फक्त कार्डाच्या खात्यात. जिल्हा न्यायालयात लोकअदालत असते तिथेही बँका अशी प्रकरणं ठेवतात, नोटीस आली तर घाबरून फेकून देऊ नका, जा, वकील नसला तरी चालतं, फक्त जेवढं खरंच भरता येईल तेवढंच कबूल करा कारण तिथे झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. तुमच्यावर मात्र ती वेळ आलेली नाही, तुमची नोकरी आहे, पतसंस्था आहे.

एजंटाने हेही सांगितलं ना की कोर्ट एवढं व्याज मानतच नाही. तो जुना निकाल आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज गैर ठरवलं होतं, तो निकाल सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. म्हणून त्या भरवशावर राहू नका.

फोनची भीती वाटते असं तुम्ही लिहिलं. थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, धमकी, शिवीगाळ, नातेवाईकांना किंवा कंपनीत सगळ्यांसमोर बदनाम करणं चालत नाही. नुसतं कार्डाचं बिल थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. पण भीतीपोटी कोणाला सही करून कोरा चेक देऊ नका, चेक परत गेला तर चेक न वटल्याची, कलम १३८ ची केस होते आणि ती फौजदारी असते, ऑटो-डेबिट परत गेलं तरी कायद्यात तशीच तरतूद आहे. कोणी त्रास दिला तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, बँकेला लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आणि ड्यू डेट एखाद्या वेळी चुकली तर हेही माहीत असू द्या की तीन दिवस उलटल्याशिवाय बँक लेट फी लावू शकत नाही, पगार १ ला न येता ३ तारखेला आला म्हणून कोणाकडे हातउसने मागत फिरू नका.

एक गोष्ट माझ्या जुन्या सहकाऱ्यांना पटत नाही पण मी सांगतो. कर्ज फेडायला लागायच्या आधी पाच-सहा हजार बाजूला ठेवा, वहिनींच्या खात्यात, कर्ज त्यासाठी महिनाभर उशिरा संपलं तरी हरकत नाही. गणिताने पाहिलं तर हे चूक आहे. पण गाडीचं टायर फाटलं, आईला ताप आला आणि घरात रोख नसली की हात कुठे जातो हे मी १७ वर्षं पाहून राहिलो.

दोन्ही कार्डं शून्यावर आली की त्याच दिवशी बंद करायचा अर्ज द्या, ईमेलने द्या म्हणजे तारीख राहते. बाकी काही नसेल तर बँकेला सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात, असा २०२२ पासून नियम आहे. कस्टमर केअरवाला मधे लाइफटाइम फ्री, जास्त लिमिट, असं काहीही देईल, नको म्हणा. शेवटच्या पूर्ण भरण्यानंतरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं व्याज येऊ शकतं, ते फसवणूक नाही, तेवढं भरून मगच काही बाकी नसल्याचं नो ड्यूज पत्र मागा. महिना-दीड महिन्याने सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात दोन्ही खात्यांपुढे बाकी शून्य आणि "क्लोज्ड" दिसायला पाहिजे.

तुमच्या पहिल्या कार्डाचं स्टेटमेंट १८ तारखेला बनतं असं दिसून राहिलं. त्याच्या आधी पतसंस्थेची रक्कम कार्डावर जमा झाली तर पुढच्या महिन्याचं पूर्ण व्याज वाचेल, म्हणून अर्ज उद्याच द्या, सोबत तिन्ही स्टेटमेंटच्या झेरॉक्स आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा लावा, सचिवांनी "एवढी रक्कम कशाला" असं विचारलं तर व्याजाची ओळ पेनाने गोल करून त्यांच्यासमोर ठेवा.